एका वाक्यात उत्तर

सिल्वासाच्या डोकमर्डीतल्या एका सोसायटीत वसंतराव शिगवणांना सगळे पाठीमागे 'बटणवाले काका' म्हणत. तोंडावर म्हटलं असतं तरी त्यांनी वाईट वाटून घेतलं नसतं. जिन्यातला दिवा भर दुपारी जळताना दिसला की हा माणूस दोन मजले उतरून तो बंद करणार आणि तितकेच मजले चढून परत घरी येणार. कुणाकडे पूजेला गेले, तर प्रसादाचा द्रोण एका हातात धरून दुसऱ्या हाताने त्या घरातल्या आतल्या खोलीचा पंखा बंद करून येणार. यजमानीणबाई घामाने निथळत का आहेत, हे मग कुणाला कळायचं नाही.

त्यात दोष म्हणावा तर तो त्यांच्या चौतीस वर्षांच्या नोकरीचा होता. गुहागरकडचा हा मुलगा विशीत सिल्वासाला आला तो वीज खात्यात मीटर वाचायला. तेव्हा खेरडीच्या शेतांतून सायकल रेटत जावं लागे. पुढे मसाटला कारखाने उभे राहिले आणि मीटरांच्या भिंतीच्या भिंती वाचायला आल्या. आयुष्यभर ज्याने लोकांची फुकट जळलेली वीज डोळ्यांनी पाहिली, त्याला स्वतःच्या घरात एक लाल दिवासुद्धा टोचतो. बाहेर पडायच्या आधी त्यांची एक फेरी असे. स्वयंपाकघर, बेडरूम, हॉल, मग चपला. डोकं भलतीकडेच असलं तरी उजवा हात भिंतीवरून बरोबर फिरायचा, टक टक टक, आणि घर गप्प व्हायचं. रजनीताई म्हणायच्या, "तुम्ही रिटायर झालात, पण तुमचा हात अजून ड्यूटीवर आहे."

या रजनीताई म्हणजे त्यांची बायको. मराठी माध्यमाच्या शाळेत मराठीच शिकवायच्या, आणि नुसत्या शाळेत नाही, चोवीस तास शिकवायच्या. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी विचारलं, भाजी कशी झालीय? वसंतराव म्हणाले, "बरी." तर म्हणे, "बरी काय? पूर्ण वाक्यात उत्तर द्या." वसंतरावांना वाटलं थट्टा आहे. ती थट्टा नव्हती. वर्गात एखाद्या पोराने नुसतं 'हो बाई' म्हटलं, तर बाई पुस्तक मिटून ठेवायच्या. "हो आणि नाही ही उत्तरं नव्हेत. ते मान हलवणं झालं, आणि मान नंदीबैलसुद्धा हलवतो." वाक्याच्या शेवटी 'आहे' गाळलेलं त्यांना खपत नसे. पूर्णविराम विसरला तर अर्धा गुण गेलाच. त्यांच्या हाताखालून गेलेली पोरं आज कुठल्या कुठल्या कारखान्यात सुपरवायझर आहेत, पण मोबाइलवरच्या निरोपातसुद्धा ती पूर्णविराम देतात.

मग एके दिवशी बाईंच्या हातातून खडू पडला. पडला, त्यांनी उचलला, परत पडला. तिसऱ्यांदा पोरं हसली. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं.

आजाराचं नाव लांबलचक होतं. वसंतरावांनी त्याचा अर्थ आपल्या भाषेत लावला: घरापर्यंत लाइन येते आहे, पण आतलं वायरिंग एकेक खोली करून जळत चाललंय, आणि ते बदलायची सोय नाही. आधी हात गेले, मग पाय, मग मान. आणि ज्या जिभेवर सगळा संसार आणि सगळी शाळा चालली होती ती जीभ गेली. डोकं मात्र लख्ख. जिभेचं दुःख वसंतरावांना इतर कशाहीपेक्षा जास्त झालं. बोलणारं घर होतं ते. आता कुकरची शिट्टी झाली की दचकायला व्हायचं.

त्यांची मुलगी केतकी बेंगळुरूला असते. तिने एक कॅमेरा पाठवला. बोटभर जाडीची पट्टी, लॅपटॉपच्या पडद्याखाली चिकटवायची आणि तो लॅपटॉप रजनीताईंच्या टेकूच्या खुर्चीसमोर ठेवायचा. पडद्यावर मराठी अक्षरं मांडलेली. ज्या अक्षरावर नजर ठरेल त्याभोवती एक निळं वर्तुळ भरत जातं आणि पूर्ण भरलं की अक्षर उमटतं. वाक्य झालं की बोलतं यंत्र ते वाचून दाखवतं. कोपऱ्यात घंटीचं चित्र होतं. तिच्यावर नजर ठेवली की स्वयंपाकघरातली बेल वाजायची. ही बेल म्हणजे चैन नव्हती. रजनीताईंच्या घशात कफ साठे, त्यांना तो गिळता किंवा खोकता येत नसे, आणि बेल वाजली की कुणीतरी धावत जाऊन मशीनने तो ओढून काढायचा.

कॅमेऱ्याची एक गंमत होती. तो जुळवलेला होता रजनीताईंच्या डोळ्यांशी, पण समोर जो येईल त्याच्या नजरेमागे धावायचा, जरासा तिरका. दिवसभर ताईंपाशी असणाऱ्या मंजुळाबाई एकदा पडदा पुसायला वाकल्या आणि पडद्यावर 'ठठठठठ' उमटलं. मंजुळाबाई धुळ्याकडच्या, नवरा गोकुळ मसाटला सुताच्या कारखान्यात कामाला. शाळेची पायरी न चढलेली बाई. त्या घाबरून म्हणाल्या, "भाऊ, मी काहीच नाही करं, त्यानं आपोआप लिखं!" रजनीताईंचे डोळे हसले. मग त्यांनी अर्धा मिनिट घेऊन लिहिलं, 'मंजुळाबाई साक्षर झाल्या आहेत.' आवाजाने ते वाचलं, तेव्हा मंजुळाबाई पदर तोंडाला लावून लाजल्या.

अडचण आली ती लॅपटॉपच्या भोकांची. लॅपटॉप जुना, त्याची दोनच यूएसबी भोकं चालत होती. जोडायचे होते कॅमेरा, स्पीकर, बेल आणि माउस. लॅपटॉपचा स्वतःचा आवाज केव्हाच बसला होता. वसंतराव बाजारात प्रसादच्या दुकानात गेले. प्रसाद म्हणजे रजनीताईंचाच विद्यार्थी, कॉम्प्युटर दुरुस्तीत नाव कमावलेला.

"काका, हब लागेल तुम्हाला, एका भोकाची चार भोकं करतो तो," प्रसाद म्हणाला. "दोन टाइपचे येतात. एक सादा, लॅपटॉपमधूनच करंट खेचतो. दुसरा पॉवरवाला, त्याला वेगळा अ‍ॅडॉप्टर, भिंतीत लावायचा. तुमचा कॅमेरा भूखा आहे, माझं ऐका, पॉवरवाला घ्या."

"म्हणजे तो चोवीस तास भिंतीत जळत राहणार?"

"चोवीस तास तर चोवीस तास. कितीसा खातो तो?"

'कितीसा खातो' हे वाक्य वसंतरावांनी चौतीस वर्षं लोकांच्या तोंडून ऐकलं होतं आणि प्रत्येक वेळी त्यांचं डोकं फिरलं होतं. त्यांनी साधा हब घेतला.

साध्या हबने तीन आठवडे त्यांची लाज काढली. रजनीताईंचं वाक्य रंगात आलं की स्पीकरमधून 'टुंडुक' असा आवाज व्हायचा आणि कॅमेरा मेलेला. काढा, परत लावा, परत पहिल्यापासून नजर जुळवा. तोवर ताई थकलेल्या. एका लाइनीवर चार जणांना जोडलं की काय होतं, हे ज्याने गावोगाव लोकांना ओरडून सांगितलं, त्यानेच घरी तेच केलं होतं. एकदा असा तुटून परत जुळल्यावर ताईंनी लिहिलं, 'अहो, तुमचा हब माझ्यावर गेला आहे. ऐन वेळी मान टाकतो.'

वसंतराव त्याच संध्याकाळी जाऊन पॉवरवाला घेऊन आले. प्रसादने 'मी म्हटलं होतं' असं म्हटलं नाही, हा त्याचा मोठेपणा.

नव्या हबवर कॅमेरा दिवसभर टिकायचा. पण भिंतीवर अवलंबून असलेल्या वस्तूचं दुखणं वेगळं असतं, ते वसंतरावांना कुणी शिकवायला नको होतं. लाइट गेली की अ‍ॅडॉप्टर मेला. अ‍ॅडॉप्टर मेला की हब थोडा वेळ लॅपटॉपच्या जिवावर धडपडायचा आणि मग कॅमेरा, स्पीकर, बेल, सगळंच सोडून द्यायचा. म्हणून त्यांनी इन्व्हर्टर बसवला, त्या एका बोर्डासाठी वेगळी वायर ओढली, स्वतःच्या हाताने. वादळ येवो, ट्रान्सफॉर्मर उडो, अख्खं डोकमर्डी अंधारात बुडो, बाईंचं बोलणं थांबणार नाही. काम झाल्यावर ते लहान मुलासारखे खूश होते.

रजनीताईंना मात्र नवऱ्याचा हात माहीत होता. त्यांनी लिहून दिलं, वसंतरावांनी मोठ्या अक्षरांत कागदावर उतरवलं आणि दाराजवळच्या त्या बोर्डाच्या वर चिकटवलं: 'हे बटण बंद करू नये.' बटणावरच चिकटपट्टी मारा, असं प्रसाद म्हणाला होता. वसंतरावांना ते गावठी काम वाटलं. बोर्डावर चिकटपट्ट्या मारणाऱ्या लोकांना त्यांनी जन्मभर नावं ठेवली होती. पाटी पुरे. पण पाटी वाचतात ती डोळ्यांनी. हात काही वाचत नाही.

गेल्या पावसाळ्याअखेर डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेतलं. डॉक्टर गुजराती, हिंदीत बोलायचे, मराठी त्यांना कामापुरती कळायची. छातीचे स्नायू थकत चालले होते. एक दिवस श्वास पुरेनासा होईल. तेव्हा गळ्यातून नळी घालून मशीन लावायचं की नाही, ते आत्ताच ठरवून ठेवा. लावलं तर कदाचित काही वर्षं निघतील, पण अशीच, खाटेवर, आणि पुढे डोळेही साथ सोडतील. एकदा लावलं की काढणं कुणाच्या हातात राहत नाही. "उनसे ही पूछिए," डॉक्टर म्हणाले, आणि स्वतःच खाटेपाशी जाऊन विचारलं, मशीन पाहिजे असेल तर डोळे मिटा.

रजनीताईंनी डोळे मिटले नाहीत. टक्क उघडे ठेवून डॉक्टरांकडे बघत राहिल्या. डॉक्टरांना वाटलं 'नको' म्हणतायत. वसंतरावांना तसं वाटलं नाही. वर्गात 'हो बाई' ऐकल्यावर पुस्तक मिटायची तेव्हा ती अशीच बघायची. घरी आल्यावर तिने लिहिलं, 'हा मान हलवण्याचा प्रश्न नाही. शनिवारच्या आत मी पूर्ण वाक्यात उत्तर देईन.'

तो आठवडा वसंतरावांनी कसा काढला ते त्यांनाच माहीत. तिने 'जगायचे आहे' म्हणावं असंच त्यांना वाटत होतं, हे सरळ सांगून टाकलेलं बरं. खाटेवर असो, नळीवर असो, नुसते दोन डोळे असोत, पण घरात असावी. 'भाजी कशी झालीय' हे विचारायला कुणीतरी असावं. आणि त्याच वेळी त्यांना ही भीती होती की ती आपल्यासाठीच 'आहे' म्हणेल. आणि ती 'नाही' म्हणेल ही भीती तर सगळ्यांच्या वर बसलेली. विचारायचं त्यांनी टाळलं. ती सांगेल तेव्हा सांगेल.

शुक्रवारी सकाळी साडेदहाला तिने लिहिलं, 'अहो, आज उत्तर लिहिते. तुम्ही समोर बसू नका. तुमच्या तोंडाकडे पाहिले तर उत्तर बदलेल.'

"मी आपला बाजारात जाऊन येतो," वसंतराव म्हणाले. "कापूस संपलाय. तुझं होऊ दे सावकाश."

मंजुळाबाई स्वयंपाकघरात मिक्सर लावत होत्या. ताईंचं खाणं त्यात बारीक करायचं असे. वसंतरावांनी त्यांना सांगितलं, बेलकडे लक्ष असू द्या. मग कपाटात शोधून शोधून पिशवी घेतली, चपला घातल्या, आणि निघाले. जिन्यात ते दोन पायऱ्या उतरून थांबले, आणि मग कठडा धरून खाली गेले.

बाजारात कापूस घ्यायला पाच मिनिटं लागली. पण घरी जायचं धाडस होईना. ते प्रसादच्या दुकानात जाऊन बसले. त्याने चहा मागवला. तेवढ्यात मसाटच्या एका कारखान्यातला कुणी साहेब हब घ्यायला आला. त्याने नेमकं तेच विचारलं, साधा घेऊ की पॉवरवाला? प्रसाद तोंड उघडणार इतक्यात वसंतरावच बोलले. "पॉवरवालाच घ्या. साधा ऐन वेळी मान टाकतो. आमच्या मिसेसचं सगळं बोलणं त्याच्यावर चालतं. इन्व्हर्टर लावून ठेवलाय मी. कधी बंद म्हणून पडत नाही." साहेबाने आदराने मान हलवली. वसंतरावांना त्या दिवसात तेवढंच एक बरं वाटलं. ते आणखी अर्धा तास बसले. वाक्य पूर्ण होऊ दे, पूर्णविराम पडू दे, मग जाऊ.

फोन मंजुळाबाईंचा आला. "भाऊ, लवकर या! ताईंचा श्वास कसातरी होई राहिला!"

रिक्षा, जिना, दार. खोलीत मंजुळाबाई मशीनने कफ ओढत होत्या, रडत होत्या. रजनीताईंचा चेहरा निळसर, डोळे अर्धवट. अ‍ॅम्ब्युलन्सला शेजारच्या सरिताबाईंनी फोन केला होता. वसंतरावांनी बायकोचा हात धरला, तिला हाक मारली, आणि हाक मारता मारता नजर पडद्यावर गेली.

'मला यंत्राच्या आधाराने जगायचे'

एवढंच. पुढे काही नव्हतं. वर, शब्द सुचवणारे तीन चौकोन तसेच उघडे होते: 'आहे', 'नाही', 'होते'. हल्ली डोळे थकत म्हणून ताई शेवटचा सोपा शब्द त्या चौकोनांतून उचलत असत. नजर एका चौकोनावर ठरायची तेवढी राहिली होती. आणि पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं की कॅमेरा जोडलेला नाही.

वसंतरावांनी दाराकडे पाहिलं. पाटीखालचं बटण वर होतं.

आपण ते कधी बंद केलं, हे त्यांना आठवेना. अजूनही आठवत नाही. चपला घातल्याचं आठवतं, पिशवी आठवते, जिन्याचा कठडा धरल्याचं आठवतं. हाताने काय केलं ते हाताला माहीत. पण वाक्य तिथवर आलेलं होतं, म्हणजे निरोप देऊन झाल्यावर ते बराच वेळ कपाटात पिशवी शोधत बसले होते आणि तिने त्यांची पाठ वळल्याबरोबर लिहायला घेतलं होतं. एका शब्दाने ती कमी पडली.

"मी एक चक्कर टाकी गेली व्हती ना, भाऊ," मंजुळाबाई रडत सांगत होत्या. "बेल नाही वाजली, तरी गेली. ताई इतले मोठे डोळे करी त्या भिंतीकडे पाहत व्हत्या. मले वाटलं पाल आहे. मी पाल पाहिली, नव्हती. मंग मी परत मिक्सरवर गेली." बाई शाळेत गेली असती तर पाटी वाचून चमकली असती. पण पाटी तिच्यासाठी नव्हतीच. ज्याच्यासाठी होती तो बाजारात हबावर भाषण देत होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी दारातच विचारलं, "क्या तय हुआ था? उन्होंने कुछ बताया?" दोन नर्स उभ्या. वेळ नव्हता.

वसंतराव म्हणाले, "लिहिलंय तिने. लिहिलंय की, मला यंत्राच्या आधाराने जगायचे."

त्यांनी खोटं सांगितलं नाही. तिने लिहिलेला एक शब्द वगळला नाही, की एक वाढवला नाही. पण बोलताना मराठी माणूस 'मला घरी जायचं' म्हणतो आणि ऐकणाऱ्याला ते पुरतं, त्याला जायचं असतंच. डॉक्टरांनाही पुरलं. त्यांनी मान हलवली आणि पडदा ओढून घेतला.

केतकी दुसऱ्या दिवशी आली. तोवर वसंतरावांनी बटण परत खाली केलं होतं. घरी आल्या आल्या तिने पडद्यावरचं ते वाक्य वाचलं आणि बापाच्या गळ्यात पडून रडली. "आईने हो म्हटलंय, बाबा. तुम्ही बरोबर केलंत." मग डोळे पुसून पुन्हा पाहिलं. ती बाईंचीच मुलगी होती. "पूर्णविराम नाही दिला तिने," ती हळूच म्हणाली. वसंतराव पाटीकडे पाठ करून उभे राहिले. पण केतकीनेच पुढे म्हटलं, "दमली असेल." आणि त्यांनी मान हलवली. बटणाचं त्यांनी तिला सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही.

आता दोन महिने झाले. रजनीताई दवाखान्यात आहेत, गळ्यातून नळी, शेजारी मशीन. फसफस असा एक ठरलेला आवाज. त्या दिवशी मेंदूला श्वास कमी पडला, असं डॉक्टर म्हणतात. डोळे उघडे असतात, पण कुठे ठरत नाहीत. केतकीने कॅमेरा तिथे नेऊन लावून पाहिला. निळं वर्तुळ पडद्यावर भटकत राहिलं, एकदाही भरलं नाही. शेवटी तिने कॅमेरा घरी आणून परत होता तसा लावला आणि बेंगळुरूला गेली. जाताना बापाला म्हणाली, आईची निवड होती, हे लक्षात ठेवा.

वसंतराव रोज भेटीच्या वेळेला जातात. कानाशी वाकून विचारतात, "रजनी, काय लिहिणार होतीस? आहे की नाही?" फसफस. छताला लागलेले डोळे. एकदा त्यांना वाटलं, ती भिंतीकडे बघते आहे. त्या भिंतीवर बटणांची अख्खी रांग होती, आणि त्यांना तिथे उभं राहवेना.

घरी लॅपटॉप त्यांनी बंद केलेला नाही. वाक्य तसंच आहे. बोर्डाचं बटण खाली, हबचा लाल दिवा दिवसरात्र जळतो, कुणी बोलणारं नसताना. मंजुळाबाई दुसऱ्या घरी लागल्या. बाहेर पडताना फेरी मारायची झाली की वसंतराव हात खिशात घालून ठेवतात, पंखे फिरत राहतात. सोसायटीत लोक म्हणतात, काका खचले.

परवा सकाळी त्यांना ते वाक्य पुन्हा वाचावंसं वाटलं. चष्मा सापडेना, तेव्हा अक्षरं जवळून दिसावीत म्हणून ते तिच्या खुर्चीत बसले, अगदी पडद्यासमोर. मला यंत्राच्या आधाराने जगायचे. पुढची जागा रिकामी. वर तीन चौकोन. त्यांनी पहिला चौकोन पाहिला. 'आहे.' आणि त्या शब्दाभोवती निळं वर्तुळ भरायला लागलं.

त्यांना एक क्षण कळलंच नाही. मग कळलं की हे आपले डोळे आहेत. त्यांनी घाईने नजर हटवली, तर ती शेजारच्या चौकोनावर पडली, आणि 'नाही' भोवती वर्तुळ भरू लागलं. तिथून हलवली, तर पुन्हा 'आहे'. पाव भरलं, अर्धं भरलं. आणखी एक क्षण, आणि तिचं उत्तर त्यांच्या नजरेने लिहिलं गेलं असतं, आणि यंत्राने ते तिच्या नावावर मोठ्याने वाचून दाखवलं असतं.

वसंतरावांनी डोळे गच्च मिटून घेतले.

तसेच बसून राहिले. उघडायची भीती वाटत होती. मिटल्या डोळ्यांनी उठले, खुर्चीला अडखळले, भिंत चाचपत दारापर्यंत गेले. डाव्या हाताला कागदाची कड लागली, तिने लिहून दिलेली पाटी. उजव्या हाताला शोधावं लागलं नाही. त्याला ती जागा ठाऊक होती.

त्यांनी बटण बंद केलं.